अकरावीची पुस्तकं

"आई, माझी अकरावीची पुस्तकं कुठे ठेवलीस?" लेकीने विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. बारावी सुरू झाली म्हणून मी ती शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती! सीईटीत अकरावीचेही वीस टक्के प्रश्न असतात, हे मला कुठे ठाऊक? संध्याकाळी ओशाळतच मागायला गेले. आता दोघी मिळून वापरतात.

मी बारावी झाले २००५ साली. जुलैत दासगावात दरड कोसळली. आमचं घर वाचलं, पण शिक्षण तिथेच थांबलं. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ मी आजवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलंय.

लेक रोज पहाटे घड्याळ लावून बसते. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकाला दोन गुण. चुकलं तरी गुण कापत नाहीत. पण अडलं की ही प्रश्न सोडूनच द्यायची. मी म्हटलं, "अगं, अंदाजाने का होईना, उत्तर दे. सोडायचं नाही काही."

"तू का सोडलंस मग?" तिने पटकन विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

मैत्रिणींनो, अकरावीची पुस्तकं मात्र एवढ्यात कुणाला देऊ नका हं!