टाळू शिवल्यानंतरची पंधरा वर्षं

१८६१ मध्ये बर्लिनच्या बर्नहार्ड फोन लांगेनबेक यांनी हाडावरचं आवरण सोडवून दुभंगलेली टाळू मिटवण्याची रीत मांडली. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि टाके उसवणं ही तेव्हाची मोठी भीती. छिद्र मिटलं की शस्त्रक्रिया यशस्वी मानली जाई. पण आखूड राहिलेली टाळू घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नसे आणि मूल गेंगाणं बोले. १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये वॉर्डिल आणि किल्नर यांनी टाळू मागे सरकवून लांब करण्याची पद्धत मांडली. तिच्यात कडेचं हाड उघडं राही, त्यावर ताठर व्रण धरे आणि वाढता जबडा आवळला जाई. उलट जर्मनीत श्वेकेंडीक यांनी कठीण टाळू कित्येक वर्षं उघडीच ठेवली. जबडे चांगले वाढले, वाचा बिघडली. म्हणूनच माझं ठाम मत असं, की या शस्त्रक्रियेचा हिशेब पहिल्या आठवड्यात मांडून चालत नाही. टाळूत पुन्हा पडलेलं छिद्र काही आठवड्यांत कळतं, बोलण्यातला दोष तीन-चार वर्षांनी आणि जबड्याची खुरटलेली वाढ तर थेट किशोरवयात.

१९६९ मध्ये क्रीन्स यांनी चुकीच्या जागी चिकटलेले टाळूचे स्नायू सोडवून आडवे जोडण्यावर भर दिला, तेव्हापासून वाचेसाठी स्नायूंच्या जोडणीकडे अधिक लक्ष गेलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८.९ टक्के, तर बाराव्या महिन्यात झालेल्यांपैकी १५ टक्के मुलांची टाळू पाचव्या वर्षी बोलताना नीट मिटत नव्हती. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत दोन्ही गटांत कमी आणि सारखीच होती. इतक्या लहान बाळाला भूल देणं धोक्याचं, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. त्या चाचणीतली बाळं एरवी निरोगी होती, केंद्रं सुसज्ज होती. अशक्त, रक्त कमी असलेल्या बाळाला तोच नियम लावणं घातक ठरेल. दुसरा आक्षेप असा, की जिथे शस्त्रक्रियाच मुश्किलीने मिळते तिथे पंधरा वर्षांचा पाठपुरावा ही चैन आहे. मोफत शिबिरांनी असंख्य मुलांचे दुभंगलेले ओठ सुधारले, हे ऋण मोठं आहे. पण ओठाला शिबिर पुरतं, टाळूला नाही. वाचा-उपचाराविना शिवलेली टाळू अनेकदा अर्धवट कामाचीच राहते. अशा मुलांच्या कानाच्या पडद्याआड साचणारं पाणी तपासलं नाही तर ऐकूही कमी येतं. पालकांनो, जखम भरली म्हणून तपासण्या थांबवू नका. बोलणं, कान, दात आणि जबडा, चारही गोष्टी मूल वाढेपर्यंत दाखवत राहा.