सरकारी मोटारीला विमा सक्तीचा नाही. अपघाताची भरपाई मात्र टळत नाही

नवी दिल्ली : खासगी वाहन रस्त्यावर आणण्यासाठी तृतीय पक्ष विमा सक्तीचा असला, तरी केंद्र वा राज्य सरकारच्या मालकीच्या आणि व्यापारी उपक्रमासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने या सक्तीतून वगळले आहे. त्यामुळे एखाद्या सरकारी कार्यालयाची जीप विम्याविना धावत असली, तरी तो कायद्याचा भंग ठरत नाही. महापालिका आणि राज्य परिवहन उपक्रमांना अशी सूट हवी असल्यास भरपाईसाठी स्वतंत्र निधी राखावा लागतो.

ही सूट केवळ विम्यापुरती आहे. विमा कंपनी नसल्याने भरपाईचा भार थेट सरकारी तिजोरीवर पडतो.

तो टाळण्याचा प्रयत्न पूर्वी झाला होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये उदयपूर येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरातील जीप दुरुस्तीनंतर वर्कशॉपमधून परत आणली जात असताना तिची धडक बसून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. हे वाहन सार्वभौम कार्यासाठी ठेवलेले असल्याने आपण उत्तरदायी नाही, असा बचाव राजस्थान सरकारने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो फेटाळला. चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल खासगी मालकाप्रमाणेच सरकारही जबाबदार ठरले आणि १५ हजार रुपयांची भरपाई कायम राहिली. मृताच्या पत्नीला आणि मुलीला त्यासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली.

आज असा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघाताचे ठिकाण परराज्यात असले, तरी दावेदाराला आपल्या राहत्या भागातील न्यायाधिकरणाकडे जाता येते. चालकाबरोबरच वाहनमालक म्हणून संबंधित सरकारला प्रतिवादी करणे महत्त्वाचे, कारण रक्कम तेथूनच मिळणार असते. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवावा, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याच दिवसापासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदतही आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी दावेदाराने त्या आशेवर थांबणे धोक्याचे आहे.

सरकारी वाहनाच्या स्वतःच्या दुरुस्तीचा खर्च विमा नसल्यास विभागाच्या अनुदानातूनच भागवावा लागतो. चूक समोरच्या वाहनाची असेल, तर तो त्याच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून मागता येतो. १९८८ च्या मूळ कायद्यानेच ‘तृतीय पक्ष’ या संज्ञेत सरकारचाही स्पष्ट समावेश केला आहे. मात्र पंचनामा, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि देयके जपून ठेवली नसतील, तर हा हक्क कागदावरच राहतो.

जुन्या गाड्यांवर वारंवार होणाऱ्या खर्चालाही आता मर्यादा आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची विशेष वाहने त्याला अपवाद आहेत.