आधी पेनड्राइव्ह लावून बघू

जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला आणणाऱ्याचं निदान ठरलेलं असतं: "गेला." काय गेलं, कधीपासून, जाताना काही आवाज आला का, यातलं फारसं त्याला सांगता येत नाही. सांगलीकडच्या एका छापखान्यातून आलेल्या या यंत्राचीही तीच गत. पेंटियम फोर प्रोसेसर, इंटेलच्या ८६५ चिपसेटचा मदरबोर्ड, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्डडिस्क आणि तिच्यावर विंडोज एक्सपी. म्हणजे २००४ च्या आसपासचा माल. आतल्या पंख्यावर कागदाच्या भुशीचा जाड थर. चालू केला की एक्सपीचं चिन्ह येतं, खालची पट्टी दोनतीनदा सरकते, निळा पडदा चमकून जातो आणि गाडी परत पहिल्यापासून.

"फॉरमॅट मारला तर होईल का रे?" छापखान्याचे मालक विचारतात.

"काका, फॉरमॅटचं नावच काढू नका. आधी पेनड्राइव्ह लावून बघू."

सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये दोष तीन ठिकाणी असू शकतो: यंत्रात, हार्डडिस्कमध्ये किंवा डिस्कवरच्या विंडोजमध्ये. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात. पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालू केली की डिस्क आणि विंडोज दोन्ही बाजूला पडतात. तशात यंत्र नीट चाललं तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय यांच्यावरचा संशय बराचसा जातो. नाही चाललं तर विंडोज पुन्हा टाकून काही उपयोग नाही, हे पैसे खर्च करण्याआधीच कळतं. तरीही कित्येक दुकानांत पहिला उपाय फॉरमॅटचाच असतो. काम लवकर उरकतं आणि दर ठरलेला असतो. गिऱ्हाइकाचा दहा-पंधरा वर्षांचा डेटा त्या घाईत पुसला जातो, आणि ते त्याला घरी गेल्यावर समजतं.

पेनड्राइव्ह लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजायला बटण दाबल्यानंतरचे पहिले काही सेकंद बघावे लागतात. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो आधी रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. रॅममध्ये गडबड असेल तर बीप वाजवतो, आणि मग कुणीतरी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतो. आपल्याकडचा हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, दातांवर चढलेली काजळी निघाली की बरेचदा बीप थांबतात. तपासणी झाली की बायोस ठरलेल्या क्रमाने एकेका साधनाकडे वळतो आणि त्याचा पहिला सेक्टर वाचतो. फक्त ५१२ बाइट. त्यातले शेवटचे दोन बाइट सोळा-आधारी अंकांत ५५ आणि एए असतील तर हे बूट होण्याजोगं आहे असं तो मानतो, ते ५१२ बाइट मेमरीत ठेवतो आणि सूत्रं त्यांच्या हवाली करतो. पुढे ते काय करतात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते विंडोजचे आहेत, लिनक्सचे आहेत की व्हायरसचे, हे जुना बायोस विचारत नाही.

हार्डडिस्कवर बूट सेक्टर आणि पार्टिशनचा तक्ता एकत्र ठेवायची मांडणी १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली: ४४६ बाइटचा प्रोग्राम, चार पार्टिशनसाठी ६४ बाइट, खुणेचे दोन. वीस वर्षांनी बनलेला छापखान्याचा कॉम्प्युटर त्याच हिशेबाने चालतो.

पेनड्राइव्ह तयार करताना होणारी नेहमीची गफलत याच पहिल्या सेक्टरपाशी होते. लोक लिनक्सची आयएसओ फाइल उतरवतात आणि पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करतात. फाइल दिसते, आकारही बरोबर असतो, कॉम्प्युटर मात्र ढिम्म. कारण कॉपी-पेस्टने पहिल्या सेक्टरला हातच लागत नाही. त्यासाठी रूफस, बलेना एचर किंवा लिनक्सवरची डीडी आज्ञा लागते. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर, म्हणजे वर सांगितलेली जुनी मांडणी, निवडायची आणि टार्गेट बायोस ठेवायचं. जीपीटी आणि यूईएफआय ही नव्या यंत्रांची भाषा, पेंटियम फोरला ती कळत नाही. मूळ पेनड्राइव्हवर जे असेल ते या प्रकारात पुसलं जातं, हे वेगळं सांगायला हवं, कारण लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह याच कामासाठी पुढे करणारे भेटतात. एवढं करून तयार ड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की तिथे बऱ्याचदा प्रश्न येतो: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायचा का? विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, म्हणून ती असं विचारते. सवयीने 'हो' दाबलं की केलेलं काम पाण्यात.

ड्राइव्ह ८ जीबीचा असला तरी पुरतो, फक्त अस्सल हवा. रस्त्यावर एक टीबीचं लेबल लावून मिळणाऱ्या स्वस्त ड्राइव्हमध्ये आत भलतीच छोटी चिप असते. ती भरली की पुढचं लिखाण आधीच्या लिखाणावर चढतं किंवा हरवतं, आणि दोष जातो जुन्या कॉम्प्युटरच्या माथी.

आता खरी झटापट, बायोसच्या पडद्यावरची. मालकांनी कॉम्प्युटरबरोबर यूएसबीचा नवा कीबोर्ड आणलाय. चालू होताना डिलीट दाबून दाबून बोट दुखतं, पण सेटिंगचा पडदा उघडत नाही. या पिढीच्या अनेक बोर्डांत 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' नावाची सोय असते आणि ती मुळात बंद असते. विंडोज चालू झाल्यावर हाच कीबोर्ड चालतो, तोपर्यंत त्याचं अस्तित्वच नाही. उपाय कपाटातून निघतो: गोल पिनचा, जांभळ्या तोंडाचा पीएस टू कीबोर्ड. दुरुस्तीवाला तो फेकत नाही, त्याचं कारण हेच.

निळ्या पडद्यावर पिवळी-पांढरी अक्षरं उमटतात. 'अ‍ॅडव्हान्स्ड बायोस फीचर्स', मग 'फर्स्ट बूट डिव्हाइस'. यादीत फ्लॉपी, हार्डडिस्क, सीडीरॉम, आणि खाली तीन नावं: यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी. पेनड्राइव्ह यातला कोणता? पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली. बूट करण्याची बायोसची रीत त्याआधीच पक्की झाली होती. १९८१ चा आयबीएम पीसी हार्डडिस्कशिवायच विकला गेला आणि त्यावर डॉस फ्लॉपीवरून सुरू व्हायचं. सीडीवरून बूट कसं करायचं याचा नियम १९९५ मध्ये ठरला. पेनड्राइव्हसाठी नवी रीत बसवण्याऐवजी बायोस लिहिणाऱ्यांनी त्याला जुनी सोंगं दिली: स्वतःला फ्लॉपी म्हणव, झिप ड्राइव्ह म्हणव, नाहीतर हार्डडिस्क म्हणव. ड्राइव्ह ज्या पद्धतीने लिहिला असेल ते सोंग निवडावं लागतं. रूफसने लिहिलेल्या ड्राइव्हला बहुतेक वेळा यूएसबी-एचडीडी लागू पडतं.

थोड्या नंतरच्या, कोअर टू डुओ काळातल्या बोर्डांवर वेगळीच खोच असते. तिथे यूएसबी नावाचा पर्याय शोधून सापडत नाही. पेनड्राइव्ह 'हार्डडिस्क ड्राइव्ह्ज' नावाच्या पोटयादीत हार्डडिस्कच्या खाली बसलेला असतो, त्याला वर आणावं लागतं. तेही, चालू करायच्या आधीपासून तो खोचलेला असेल तरच. मागाहून लावलेला ड्राइव्ह त्या यादीत येत नाही.

खोचायचा कुठे, यालाही महत्त्व आहे. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाला आतून लांब वायर असते आणि जुन्या यंत्रात ती सैल झालेली असते. मागची तोंडं थेट बोर्डावर असतात, ती बरी. जास्तीचं कार्ड टाकून घेतलेली यूएसबी ३.० ची निळी तोंडं बूटसाठी सहसा निकामी, कारण ते कार्ड बायोसच्या ओळखीचं नसतं.

एफ१० दाबून, 'वाय' म्हणून बाहेर पडलं, वीज बंद करून पुन्हा चालू केली, आणि यंत्र पुन्हा थेट एक्सपीकडे. क्रम जतनच झालेला नाही. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी मेलेली. वीज तोडली की हा बोर्ड तारखेसकट सगळं विसरतो. जरा नंतरच्या बोर्डांवर हा विसरभोळेपणा जास्त महागात पडतो: सेटिंग मूळपदावर जाताना साटाची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाते आणि धडधाकट विंडोज निळा पडदा दाखवून मान टाकते. किरकोळ किमतीच्या सेलपायी त्यावर फॉरमॅट मारणारे दुरुस्तीवाले आहेत.

नवी बॅटरी बसली, क्रम टिकला. काही यंत्रांत एवढ्यानेही भागत नाही, बायोसला यूएसबीवरून बूट करणं ठाऊकच नसतं. त्यांच्यासाठी प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर आहे. तो सीडीवरून सुरू होतो, यूएसबी वाचायची अक्कल स्वतःबरोबर आणतो आणि बायोसला वगळून पेनड्राइव्हकडे सूत्रं देतो. छापखान्याच्या यंत्राला ती गरज पडली नाही. पडद्यावर पपी लिनक्सची यादी आली.

पपी २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी सुरू केलं. त्याच्या काही वर्षं आधी जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढून डिस्कला धक्का न लावता सीडीवरून अख्खं लिनक्स चालवून दाखवलं होतं. पपीने ते आणखी आटोपशीर केलं. त्याची मुख्य फाइल काही शे एमबीची असते आणि जागा असेल तर ती पूर्ण रॅममध्ये चढते. म्हणून एकदा सुरू झालं की वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही खिडक्या झटकन उघडतात. काका चकित होऊन म्हणतात, "अरे, हा तर धावतोय!" धावतोय हे खरं, पण ब्राउझर उघडेपर्यंत. आजच्या वेबसाइटींना ५१२ एमबी रॅम पुरत नाही आणि कुठलंही लिनक्स त्यावर जादू करू शकत नाही. असल्या यंत्रावर 'नव्यासारखा होईल' असं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

इथे मात्र ब्राउझर हवाच कुणाला होता? यंत्र ठणठणीत आहे एवढं कळलं. पडद्याच्या खालच्या कडेला डिस्कचं चिन्हही दिसतंय, आणि कॅबिनेटमधून मधूनच टक् टक् असा आवाज येतोय. डिस्क मरायला टेकलीय. अशा वेळी चेकडिस्क चालवणं म्हणजे तिला उरलासुरला घाम फोडणं. रीत अशी: तिच्यावर काहीही न लिहिता आधी पूर्ण प्रत काढायची. डीडीरेस्क्यू नावाचं साधन सुरुवातीला सहज वाचता येणारे भाग उचलतं, अडलेले भाग सोडून पुढे जातं, कुठे अडलं याची नोंद एका फाइलीत ठेवतं आणि शेवटी अडलेल्या जागांकडे परत येतं. मध्येच वीज गेली तरी त्या नोंदीवरून काम पुढे चालू करता येतं, फक्त ती नोंद रॅमवर न ठेवता बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली हवी. ही बाहेरची डिस्क फॅट३२ नसावी, त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. यूएसबी २.० च्या वेगाने ८० जीबीला साधारण तासभर लागतो, अडखळत्या डिस्कला रात्रही.

प्रतीतून फाइली बाहेर आल्या: लग्नपत्रिका, कार्यअहवाल, पतसंस्थांच्या पावत्या. नावांच्या शेवटी 'पी६५' आणि 'पीएमडी', म्हणजे पेजमेकर ६.५ आणि ७. पेजमेकर लिनक्ससाठी नाही, त्यामुळे आत्ता फक्त जपून ठेवणं एवढंच. पण सोबतच्या साध्या मजकुराच्या फाइली उघडल्या तर तिथे मराठी नाहीच, युरोपियन चिन्हांचा खच. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर बसवलेला त्या काळचा मजकूर युनिकोडमध्ये नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात आणि तो ठरावीक फॉन्ट असेल तरच ती चिन्हं मराठी दिसतात. म्हणून विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डरही तेवढ्याच काळजीने उतरवावं लागतं. फाइली वाचल्या आणि फॉन्ट राहिले, असं झालं तर निम्मी मेहनत वाया. ते सॉफ्टवेअर चालायला लागणारं, कॅबिनेटच्या मागे खोचलेलं डोंगल काकांनी आधीच खिशात घातलंय.

या सगळ्यात एक्सपीचा पासवर्ड कुणी विचारला नाही. पेनड्राइव्हवरून बूट केलं की तो आडवा येत नाही. पडलेल्या यंत्राच्या मालकाला हे सोयीचं, चोरीला गेलेल्या यंत्राच्या मालकाला धोक्याचं. नव्या लॅपटॉपवर चित्र उलटं आहे: सिक्युअर बूट अनोळखी बूट प्रोग्रामला अडवतं आणि बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की नसताना डिस्कवरचं काहीच वाचता येत नाही. ती की कुठे ठेवलीय, हे आजच पाहून ठेवावं.

पेंटियम फोरच्या पिढीसाठी पर्याय आटत चाललेत. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. त्या यंत्रांना आता पपी किंवा अँटीएक्ससारख्यांचाच आधार. कोअर टू डुओ आणि पुढची ६४-बिट यंत्रं मात्र सुखात आहेत. ४ जीबी रॅम आणि साधी एसएसडी मिळाली तर हलकं लिनक्स टाकून ती पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांच्या अभ्यासाला अजून काही वर्षं चालतील. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालती यंत्रं भंगाराच्या रांगेत उभी राहिली आहेत. केरळच्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. आपल्या शाळांच्या कुलूपबंद संगणक कक्षांत पडून असलेल्या यंत्रांना निदान एकदा पेनड्राइव्ह लावून बघायला काय हरकत आहे?

घरात असा एखादा कॉम्प्युटर असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा: बॅटरी बदला, पेनड्राइव्ह मागच्या तोंडात लावा, चालू करा. चालला तर आधी फाइली उतरवून घ्या. नाहीच चालला, तर कॅबिनेट खुशाल द्या, हार्डडिस्क मात्र काढून स्वतःजवळ ठेवा.