क्रेडिट कार्ड : भांडवल नव्हे, उसनवारी

लहान व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून पैसे उशिरा मिळतात. घाऊक व्यापाऱ्याला मात्र ते लगेच द्यावे लागतात. ही मधली ओढाताण क्रेडिट कार्डामुळे सुसह्य होते. मात्र तारखांचे गणित जमायला हवे. समजा, बिल दरमहा ५ तारखेला निघते आणि २५ तारखेपर्यंत भरायचे असते. अशा वेळी ६ तारखेच्या खरेदीला सुमारे ५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते, तर ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम २१ दिवसांची.

केवळ 'किमान देय रक्कम' भरल्यास ही सवलत संपते आणि नव्या खरेदीवरही व्याज सुरू होते. दरमहा साडेतीन टक्के दराने ५० हजारांच्या थकबाकीवर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५ रुपये, असे महिन्याला २,०६५ रुपये जातात. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली वार्षिक ३० टक्क्यांची व्याजमर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली आहे.

म्हणूनच मुदतीच्या आत विकला जाईल तेवढाच माल कार्डावर घ्यावा. घरखर्चाचे कार्ड वेगळे ठेवावे. कार्डावर रोख रक्कम काढणे टाळावे. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. दीर्घ मुदतीच्या गरजेसाठी बँकेचे कॅश क्रेडिट खातेच सहसा स्वस्त पडते.