रविवारची सायकल-सहल

आठवड्याची सुटी आज आपोआप मिळाल्यासारखी वाटते. पण तिच्यामागें मोठा झगडा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ मध्यें मुंबईंतील गिरणी-कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी मांडली. गिरणीमालकांनीं ती मान्य केली १८९० मध्यें. इतक्या कष्टानें मिळालेला दिवस कसा घालवावा, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळें पेशवाईंत नांवारूपास आलेलें विंचूर हें निफाड तालुक्यांतील गांव. येथील कुटुंबाला सहलीसाठीं दूर जावें लागत नाहीं. गोदावरी-कादवा संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय याच तालुक्यांत आहे. हिवाळ्यांत तेथें परदेशचे पक्षी उतरतात. २०२० मध्यें रामसर यादींत गेलेलें महाराष्ट्रांतील हें पहिलें पाणथळ स्थान होय.

अशा सहलीस सायकलच उत्तम. शरीराचा भार चाकें पेलतात. त्यामुळें सपाट रस्त्यावर पायीं चालण्याइतक्याच श्रमांत सुमारें तिप्पट अंतर कापतां येतें. जातांना वारा समोरून घ्यावा, म्हणजे परततांना तो थकलेल्यांच्या पाठीशीं राहतो. कांद्याच्या हंगामांत लासलगांवच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते. तेव्हां एकामागोमाग चालावें.

वेग मात्र सर्वांत लहान मुलानें ठरवावा. पायडल मारतांना सहज बोलतां आलें पाहिजे. शब्द तुटूं लागले, कीं वेग अधिक झाला असें समजावें. वडील पुढें निघून गेले, तर अंतर कापलें जातें, पण सोबत हरवते. आणि सुटी तर सोबतीसाठींच असते.