रद्द म्हणता, मग कागद दाखवा

पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्प रद्द झाल्याची बातमी आपण एव्हाना दोनदा तरी वाचली आहे. पहिल्यांदा 21 मे 2022 रोजी, गुजरातचे मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी सुरतेत घोषणा केली तेव्हा. विधानसभेची निवडणूक त्या वेळी सहा-सात महिन्यांवर आली होती. पुढे 2025 च्या ऑगस्टात धरमपुरात पुन्हा हजारो आदिवासी रस्त्यावर उतरले आणि सरकारनेही जुनंच आश्वासन पुन्हा दिलं. मेलेला प्रकल्प इतक्यांदा मारावा का लागतो?

वांसद्याचे आमदार अनंत पटेल आणि त्यांच्यासोबतच्या लोकांची मागणी साधी आहे: श्वेतपत्रिका काढा. यात काँग्रेसचं राजकारण आहे, असं म्हणतात. असेलही. म्हणून मागणी चुकीची ठरत नाही.

या अविश्वासाचं मूळ जुनं आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे निघालं की इच्छापोर लागतं, मग कवास, मोरा, आणि पुढे खत, वीज, पोलादाचे कारखाने. या पट्ट्याची तहान तापी भागवते. ती तापी उन्हाळ्यातही पुरते, त्यामागे 1972 मध्ये पूर्ण झालेलं उकाई धरण आहे. त्याच्या फुगवट्याखाली सोनगढ, उच्छल, निझर भागातली शंभरावर गावं गेली. आपल्या नवापूरकडचीही गेली. तेव्हा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, नव्हता; वनहक्क कायदाही नव्हता.

जमीन गेलेला माणूस पुढे कुठे जातो? यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ 1962 पासून दक्षिण गुजरातेत हेच पाहत आले. त्यांची सुरुवात हळपती या भूमिहीन आदिवासी शेतमजुरांपासून झाली. लग्नासाठी अनाविल जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि बायकोमुलांसह त्याच्या शेतावर राबत राहायचं, ही हाळी पद्धत. ती सुटली, पण हळपतीच्या हाती जमीन काही आली नाही. पुढे उसाचे मळे पसरले, तेव्हा काम तरी मिळावं ना? तर कारखान्यांनी गावातल्या हळपतीला बाजूला ठेवून डांग आणि खानदेशातून कोयत्याच्या टोळ्या आणल्या. परका मजूर मुकादमाच्या उचलीत अडकलेला असतो. ऊसतोडीला तो रात्रीही उठतो आणि कुरकुरत नाही. ब्रेमन यांचं हे निरीक्षण मला कुठल्याही प्रकल्प अहवालापेक्षा मोलाचं वाटतं. पुनर्वसनाच्या तक्त्यात असल्या टोळीसाठी रकाना नसतो.

आता नव्या प्रकल्पाचा हिशेब पाहा. राष्ट्रीय जलविकास अभिकरणाच्या आराखड्यात सात धरणं आहेत. सहा गुजरातेत, सातवं झरीचं, आपल्या नाशिक जिल्ह्यात. बाधित गावं 61, कुटुंबं 2,509. पूर्ण बुडणार म्हणे एकच गाव, उरलेल्या साठांचा काही भागच पाण्याखाली. पण या डोंगरात भात खाचरात, नदीच्या अंगाला होतो. घरं वर टेकाडावर. खाचर बुडून घर कोरडं राहिलं तर त्या घरात खायचं काय?

पेसाने 1996 मध्ये भूसंपादनाआधी ग्रामसभेशी केवळ सल्लामसलत सांगितली होती. 2013 चा भूसंपादन कायदा पुढे गेला: कलम 41 नुसार अनुसूचित क्षेत्रात आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची संमती हवी. पेठ, धरमपूर, डांग सगळीकडे हे लागू आहे. म्हणजे विरोधाचा ठराव ग्रामसभेच्या वहीत उतरला की त्याला कायद्याचं वजन येतं. मुख्यमंत्र्यांच्या सभेतल्या वाक्याला ते येत नाही. प्रकल्पाचा सविस्तर अहवाल मात्र दिल्लीत तयार आहे, आणि 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या जोडणीचं नाव छापून आलेलं आहे.

2022 ची घोषणा झाली तेव्हा गुजरात भाजपचे अध्यक्ष सी. आर. पाटील होते. जून 2024 पासून तेच केंद्रात जलशक्तिमंत्री आहेत, आणि अभिकरण त्यांच्याच खात्याचं. मूळचे आपल्या जळगाव जिल्ह्यातले; पेठ-सुरगाण्याची मराठी त्यांना दुभाष्याशिवाय कळेल. त्यांनी अभिकरणाला एका पानाचं पत्र पाठवून नदीजोडांच्या यादीतून ही जोडणी काढायला सांगावं, आणि त्याची प्रत ग्रामसभांना द्यावी.