डायनाचा निळा गाऊन घरी परतला!

९ नोव्हेंबर १९८५ ची रात्र. वॉशिंग्टनच्या व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ब्रिटनचे युवराज चार्ल्स आणि युवराज्ञी डायना यांना मेजवानी दिलेली. नॅन्सी रेगन यांनी जॉन ट्रॅव्होल्टाला हळूच सांगितलं, युवराज्ञींना तुझ्याबरोबर नाचायचंय. मध्यरात्रीच्या सुमारास त्यानं पुढे होऊन विचारलं आणि दोघं नाचू लागले. बाकीचे पाहुणे बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते फोटो जगभर!

त्या रात्रीचा डायनाचा गाऊन म्हणजे शाईसारख्या गडद निळ्या रेशमी मखमलीचा, खांदे उघडे, अंगाबरोबर बेतलेला आणि खाली घेर घेणारा. गळ्यात मोत्यांचा सात सरांचा चोकर, मधोमध नीलम. ड्रेस डिझायनर व्हिक्टर एडेलस्टाइन यांच्याकडे हाच नमुना तिनं आधी गडद लाल रंगात पाहिला होता. आपल्यासाठी मात्र तिनं निळा मागितला. शेवटचं फिटिंग केन्सिंग्टन पॅलेसमध्ये, तिच्या राहत्या जागेत झालं. गाऊन इतका आवडला की तो चार्ल्सना दाखवायला ती तशीच गेली.

ऑगस्ट १९९६ मध्ये घटस्फोट झाला. राजघराण्याच्या समारंभांसाठी शिवलेले कपडे आता काय करायचे? ते विकून पैसे दान कर, ही कल्पना थोरल्या विल्यमची. जून १९९७ मध्ये न्यूयॉर्कला ७९ पोशाखांचा लिलाव झाला. कॅन्सर आणि एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांना बत्तीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले. सर्वाधिक बोली याच गाऊनला लागली, २,२२,५०० डॉलर! दोनच महिन्यांनी, ३१ ऑगस्टला, पॅरिसमध्ये डायना गेली.

गाऊनची वणवण सुरूच राहिली. २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात एका इंग्रज गृहस्थानं तो २,४०,००० पौंडांना घेतला, का, तर बायकोला खूश करायला! (अशी भेट मिळाल्यावर बायको तो घालणार कुठे, हा प्रश्न वेगळा.) डिसेंबर २०१९ मध्ये तो पुन्हा लिलावात आला, तेव्हा मात्र अपेक्षित बोलीच लागली नाही. मग ऐतिहासिक राजवाडे सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेनं २,६४,००० पौंड मोजून तो आपल्या पोशाख-संग्रहासाठी घेतला.

आपल्याकडे शालूची घडी अधूनमधून बदलून ठेवतात. मखमलीचे लाड त्याहून जास्त. जरा दाब पडला की लव दबते आणि डाग पडल्यासारखी खूण राहते. प्रखर उजेडानं रंग उडतो. म्हणून असे कपडे मंद प्रकाशातच दाखवतात, तेही थोडे दिवस.

हा संग्रह त्याच केन्सिंग्टन पॅलेसशी जोडलेला आहे, जिथे या गाऊनचं शेवटचं फिटिंग झालं होतं.